याकूबची किळस

याकूब गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंगरातल्या एका तलावाच्या काठी, घडीच्या खुर्चीत, नाकाला रुमाल लावून बसलो होतो. माझा नातू फैजान इथे दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात नोकरीला आहे. त्याने आणि त्याच्या मित्रांनी सुट्टीत धरणाच्या पाण्याकाठी तंबू ठोकायचा बेत केला आणि "दादांनाही नेऊ, तेवढाच चेंज" म्हणून मलाही गाडीत घातलं. जागा सुंदर आहे म्हणतात. असेल. मला दिसलं ते आदल्या रात्रीच्या लोकांनी टाकलेलं... कोंबडीची हाडं, विझवलेल्या कोळशांचा काळा चिखल, बाळाचा वापरलेला डायपर आणि काठाशी पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग. त्यातच एक बदक पोहत होतं. मी फैजानला म्हटलं, "अरे, निदान आपल्या तंबूपुढचं तरी उचला." तो फोनमधून मान वर न करता म्हणाला, "रिलॅक्स, दादा. सकाळी क्लीनर्स येतात. इट्स देअर जॉब." तेवढ्यात माझा फोन वाजला. याकूबचा मुलगा रफिक होता. "कासमचाचा, बाबा गेले," तो म्हणाला, "पहाटे फज्रची नमाज पढले, चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि खुर्चीत बसले ते बसलेच... दफन दुपारच्या असरच्या नमाजनंतर आहे. याल ना?"

गेलो. माती दिली. त्याला आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांविषयी गोड लिहितात, ते मी वाचत असतो. मला तसं लिहिता येणार नाही. याकूबची आठवण काढली की माझ्या तोंडाला चव येते ती कडूच, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एकाच गावातले, एकाच इयत्तेतले. याकूबची किळस ही गावात म्हणीसारखी होती. शाळेतल्या पिंपात काडी तरंगताना दिसली तर तो दिवसभर तहानलेला राहायचा. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी आपली ताटली उचलून विहिरीवर न्यायचा आणि राखेने घासून आणायचा. यजमान रागावायचे, बायका हसायच्या. कोणी खाण्यात फारच खोड काढली की गावात म्हणत, "याकूबची किळस करू नकोस, गप खा." त्याला त्याचं काही वाटायचं नाही. तो म्हणायचा, "मला जे दिसतं ते तुम्हाला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

साठच्या दशकात, आम्ही पंचविशीला आलो तेव्हा, दोघेही मुंबईहून बोटीने दुबईला निघालो. डेकचं तिकीट. तेव्हा अमिरात नावाचा देश झालेला नव्हता. सगळा मुलूख शेखांचा आणि वर इंग्रजांची देखरेख. दुसऱ्याच दिवशी समुद्र खवळला आणि सबंध डेकवर माणसं ओकायला लागली. ज्याला जिथे होईल तिथे. उन्हात तो वास असा चढला की मी चादरीत तोंड खुपसून पडून राहिलो. याकूबने खलाशाकडून बादली आणि दोरी मागून घेतली. समुद्राचं पाणी ओढून तो आमच्या भोवतालचा डेक धुवायला लागला. आधी आमच्यापुरता, मग शेजारच्या कुटुंबाचा, मग पार जिन्यापर्यंत. मध्येच कठड्याशी जाऊन स्वतः ओकायचा आणि परत येऊन धुवायचा. मी म्हटलं, "अरे, तुला किळस येत नाही?" तो घाम पुसत म्हणाला, "येते म्हणून तर धुतोय. ज्याला येत नाही तो झोपलाय बघ." झोपलेला मीच होतो.

दुबईत काही महिने इकडे तिकडे गेल्यावर आम्हा दोघांना एकाच परदेशी कंपनीत काम मिळालं. कंपनी पूर्वेकडच्या डोंगरांत पाण्याचा आणि रस्त्याचा सर्व्हे करत होती. मला टायपिंग येत होतं म्हणून मी स्टोअरकीपर-कम-क्लार्क, आणि याकूब कॅम्पचा स्वयंपाकी. किनाऱ्यापासून कॅम्पवर पोचायला लँड रोव्हरला सबंध दिवस लागायचा. वाट म्हणजे कोरड्या वादीतले, पावसापुरत्या वाहणाऱ्या ओढ्याच्या पात्रातले, गोटे. पण शेवटच्या वळणावर समोर जे यायचं ते पाहून मीसुद्धा पहिल्यांदा गाडी थांबवायला लावली. चहूकडे तपकिरी, उघडे डोंगर आणि मधोमध हिरव्या पाण्याचा तलाव. पावसाचं पाणी कड्याखाली साठून झालेला, खोल, बाराही महिने टिकणारा. त्याच्या खालच्या अंगाला दगडी घरांची एक वस्ती. तलावातून निघालेला पाट, ज्याला ते लोक फलज म्हणत, त्यांच्या खजुरांना जायचा. प्यायलाही तेच पाणी. दुसरं पाणी दोन तासांच्या चढावर होतं.

कॅम्प लागला तो थेट काठावर. आमचा मोठा साहेब पूर्वी हिंदुस्थानात राहून आलेला होता, हुकूम देण्यापुरतं हिंदी बोलायचा. त्याला ती जागा इतकी आवडली की कामाच्या तंबूंशेजारी त्याने पाहुण्यांसाठी चार वेगळे तंबू लावून घेतले. दर गुरुवारी किनाऱ्यावरून त्याचे दोस्त, त्यांच्या बायका, कुत्री, बिअरची खोकी अशी वरात यायची आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जायची. ते साबण लावून तलावात डुंबत. कुत्र्यांना तिथेच न्हाऊ घालत. रिकामे डबे नेम धरून पाण्यात फेकायची पैज लावत. एका बाईंना शेळ्यांच्या लेंड्या पाहून मळमळलं, म्हणून साहेबाने वरच्या काठाला तारेचं कुंपण घालून घेतलं. मग वस्तीतल्या बायकांनी पाणी भरायचं ते खालच्या टोकाला. साबणाचा फेस, खरकटं, सिगारेटची थोटकं, सगळं वाऱ्याने तिथेच जमा व्हायचं. त्या बुरख्याआडून काही न बोलता हाताने फेस बाजूला सारायच्या आणि डबे बुडवायच्या.

आणि संडासाचे खड्डे. पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत, वास येऊ नये, म्हणून साहेबाने ते तलावाच्या वर, वादीच्या कोरड्या पात्रात खणायला लावले. कुदळी आणि फावडी मीच स्टोअरमधून दिली. खणताना तिथे उभाही मीच होतो. हे नीट सांगून ठेवतो.

याकूबची दोस्ती झाली होती उम्म सालेम नावाच्या एका बाईशी. ती रोज सकाळी शेळीचं दूध घेऊन किचनच्या तंबूपाशी यायची, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी, शम्सा. दुधाच्या बदल्यात याकूब पीठ आणि चहा द्यायचा. शम्साला तो आधी हात धुवायला लावायचा आणि मगच गरम चपाती द्यायचा. ती हात धुताना त्याच्याकडे बघून मुद्दाम नाक मुरडायची, त्याच्यासारखं. तो हसायचा. त्याला एवढं मोकळं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

हिवाळ्याच्या अखेरीला एका दुपारी डोंगरात कुठेतरी वर पाऊस झाला. आमच्यावर थेंब पडला नाही, पण तासाभराने वादी आली. गढूळ पाण्याचा लोंढा गोट्यांवर आपटत, गर्जत आला आणि जे काही पात्रात होतं ते सगळं घेऊन तलावात उतरला. आम्ही काठावरून बघत होतो. काय वाहत आलं ते सांगत नाही, सुज्ञांनी समजावं. साहेबाने कॅमेऱ्यातून लोंढ्याचे फोटो काढले. आमचं प्यायचं पाणी किनाऱ्यावरून पिंपांतून येत होतं, त्यामुळे आमचं काहीच बिघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी उम्म सालेम एकटीच आली, दूध न घेता. पोटावर हात ठेवून, तलावाकडे बोट दाखवून म्हणाली, "माय मू झेन." पाणी बरं नाही. वस्तीतल्या घराघरांत पोरं ओकत होती, जुलाब होत होते. याकूबने त्या क्षणी किचनचे दोन्ही मोठे टोप चुलीवर चढवले, आमच्या पिंपांतलं पाणी उकळलं, मीठ-साखर घातली आणि खांद्यावरून वस्तीत नेऊ लागला. दिवसातून चार-चार खेपा. संध्याकाळी साहेबाने त्याला बोलावलं. "ये पानी और केरोसीन कैंप का है. बस्ती का नहीं. खलास." याकूब "जी साब" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोप चढवला. मी त्याला म्हटलं, "अरे, घालवशील नोकरी." तो म्हणाला, "तू तिकडे एकदा चल. वास बघ. मग बोल." मी गेलो नाही.

पाचव्या दिवशी शम्सा गेली. याकूब वस्तीतून आला तो सरळ पिंपाशी जाऊन हात धूत राहिला. कोपरापर्यंत. कितीतरी वेळ. 

वस्तीतला एक माणूस चालत खाली किनाऱ्यावर गेला होता. त्याच्या सांगण्यावरून तिकडचा इंग्रज डॉक्टर यायला निघाला. तो पोचायच्या आदल्या दिवशी साहेबाने मला तंबूत बोलावून इंग्रजीत एक कागद टाइप करायला सांगितला. तो सांगत गेला, मी टाइप करत गेलो. तलावाचं पाणी शेळ्यांमुळे आणि स्थानिक लोकांच्या घाणेरड्या सवयींमुळे दूषित झालं आहे, कंपनीच्या कॅम्पचा त्याच्याशी संबंध नाही, कॅम्पमध्ये एकही आजारी नाही. 'घाणेरड्या' या शब्दाचं स्पेलिंग मी साहेबाला विचारून घेतलं. खाली माझी सही, कारण स्टोअर आणि साफसफाई माझ्याकडे होती. रात्री याकूबने विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, सगळं शेळ्यांवर ढकललंय.

डॉक्टर दुपारी आला. साहेबाने आधी जेवायला बसवलं. जेवणाच्या तंबूत पांढरा टेबलक्लॉथ, साहेब, डॉक्टर आणि सर्व्हेचे दोघे इंजिनिअर. मी फाइल घेऊन दाराशी उभा. डॉक्टरने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. याकूबने सूप आणलं. मग काचेच्या जगमधून चारही ग्लासांत पाणी ओतलं. पाणी फिकट पिवळं होतं आणि त्यात काहीतरी तरंगत होतं. वास सूपच्याही वर चढला. एका इंजिनिअरने खुर्ची मागे सरकवली.

"ये क्या है?" साहेब ओरडला.

"पानी, साब," याकूब म्हणाला. त्याचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. "तालाब का. बस्ती यही पीती है. आपने लिखा है बकरी का गंदा है, सिर्फ़ बकरी का. तो पीजिए."

कोणी ग्लास तोंडाला लावला नाही. डॉक्टरने आपला ग्लास उचलून उजेडात धरला, हुंगला आणि खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "तुमची सही आहे यावर. कॅम्पचे संडास कुठे खणलेत?"

साहेब माझ्याकडे बघत होता. याकूब बघत होता; एवढं इंग्रजी त्याला कॅम्पात राहून कळायला लागलं होतं. मी म्हणालो, "मला नक्की माहीत नाही, सर. मी सामानाचं बघतो."

आजवर अनेकांनी मला शिव्या दिल्या आहेत, दोघांनी मारलंही आहे. पण त्या दुपारी याकूबने माझ्याकडे पाहिलं तसं कोणी पाहिलेलं नाही. त्यात राग नव्हता. शाळेतल्या पिंपात काडी दिसल्यावर त्याचा चेहरा व्हायचा, तसा झाला. नाक किंचित आकसलं, ओठ मिटले आणि त्याने मान फिरवली. मग वादीकडे हात करून डॉक्टरला म्हणाला, "मैं दिखाता हूँ," आणि दोघे उन्हात वादीच्या पात्राकडे चालायला लागले.

डॉक्टरने खड्डे पाहिले. चुना टाकायला लावला, वस्तीला औषधं दिली, तलावाचं पाणी न उकळता प्यायचं नाही असं सांगून तो परत गेला. पंधरा दिवसांत कॅम्प दुसऱ्या खोऱ्यात हलला. कोणाला जाब विचारला गेल्याचं मी ऐकलं नाही. वस्तीतल्या बायका सबंध उन्हाळा दोन तास चढून वरून पाणी आणत होत्या, हे ऐकलं. आणि याकूबला दुसऱ्याच सकाळी सामानाच्या ट्रकमधून खाली धाडलं.

त्याची वळकटी, ट्रंक तपासून देणं माझं काम होतं. त्याने रजिस्टरवर सही केली आणि म्हणाला, "कासम, तू टाइप केलेलं काय होतं ते मला वाचून दाखव. मराठीत." मला वाटलं तो गंमत करतोय. पण तो उभाच राहिला. मग मी कार्बन कॉपी काढली आणि वाचली. एकेक ओळ मराठीत सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं, तंबूबाहेर जाऊन थुंकला, पाण्याने चूळ भरली आणि परत येऊन म्हणाला, "एवढं चांगलं इंग्रजी कुठे शिकलास रे?"

मी त्याच कंपनीत आणखी नऊ वर्षं होतो. हेड स्टोअरकीपर झालो. याकूब पुढे अबुधाबीत गेला, मुसफ्फाची कारखान्यांची वसाहत वाढत गेली तसं तिथल्या लेबर कॅम्पांच्या मेसमध्ये हजार-हजार माणसांचा स्वयंपाक करू लागला. कामगार सांगत, या मेसमध्ये भाजी साधी मिळेल पण तिच्यात केस मिळणार नाही. गावात एका लग्नात आमची पुन्हा गाठ पडली. मी त्याला टाळत मांडवाच्या मागे गेलो, तर तोच शोधत आला. "कसा आहेस, कासम? वाळलास." असं, जणू काही झालंच नव्हतं. ते मला थुंकण्यापेक्षा जास्त लागलं. मग इदला, मयताला, पोरांच्या निकाहला आम्ही भेटत राहिलो. म्हातारपणी दोघेही मुलांकडे दुबईत आलो. तो इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत, रफिकच्या दोन खोल्यांत. महिन्यातून एकदा मी बसने त्याच्याकडे जायचो. तलावाचा विषय पन्नासहून जास्त वर्षांत एकदाही निघाला नाही.

तो काढला मीच, तो जायच्या महिनाभर आधी. खिडकीपाशी बसलो होतो. मी म्हटलं, "याकूब, त्या दिवशी डॉक्टरसमोर मी..." 

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "खड्डे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होते. एकदा साहेबाला बोललो, तो खेकसला, मग गप्प बसलो. घरी बहिणीचं लग्न ठरलं होतं, नोकरी हवी होती. दोन महिने, कासम. शम्साची आई दूध आणायची. ते मी तीन-तीनदा उकळायचो. आपल्यासाठी. तिला एकदाही म्हटलं नाही की, बाई, तूही पाणी उकळ. एवढं सांगायला कितीसं अरबी लागलं असतं? आणि वादी आल्यावर एक ग्लास टेबलावर ठेवला तर लोक म्हणतात, याकूबने हिंमत केली. हट्." त्याचं नाक आकसलं. "सकाळी आरशात बघून तोंड धुतो ना, पहिली किळस माझी येते. तुझा नंबर मागून."

मी विचारलं, "अजून येते? माझी?"

"येते की," तो म्हणाला. "पण तू येतोस बसायला. मग चालवून घेतो."

परवा पहिल्यांदाच मी तो नसताना त्याच्या घरी गेलो. रफिक कामावर होता, सून नाझिया दार उघडायला आली. दाराबाहेर जिन्यापाशी एका स्टुलावर थंड पाण्याचा मोठा थर्मास, दोन स्टीलचे पेले आणि खाली विसळायला बादली. लिफ्ट सारखी बंद पडते, तीन-तीन मजले चढून पार्सलवाले, झाडूवाले येतात, त्यांच्यासाठी बाबा ठेवायचे, नाझिया म्हणाली. आता ती भरते. मी चपला काढत होतो तेवढ्यात एक पार्सलवाला वर आला, पठाण असावा, डोक्यावर हेल्मेट, शर्ट घामाने चिकटलेला. त्याने पेला उचलला, आधी विसळला, पाणी प्यायला, पुन्हा विसळला आणि फडक्यावर पालथा घातला. मी बघतोय हे पाहून ओशाळून हसला. "चाचा का हुक्म है. पहले भी धोओ, बाद में भी धोओ. चाचा दिखते नहीं आजकल?"

मी सांगितलं. त्याने हेल्मेट काढून हातात धरलं, डोळे मिटून ओठ हलवले. मग मला विचारलं, "आप उनके भाई हैं? दोस्त?"

नाझिया दारात उभी होती. दोस्त म्हणायला मी तोंड उघडलं.

"हम एक ही कैंप में थे," मी म्हणालो.